आधी खिडकी, मग यंत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरात ताजी हवा पुरवणाऱ्या यंत्रांविषयी लेख आला होता. बंद घरात आपण किती शिळी हवा घेत असतो हे त्यात नीट सांगितलं होतं, आणि या विषयावर कोणी मराठीत लिहिलं याचाच मला आनंद झाला. पण शेवटी लेखात असंही म्हटलं होतं की यंत्र बसवलं की हवाही शुद्ध मिळते आणि विजेचं बिलही उतरतं. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी आपल्या इंदुरात फार थोड्या घरांत खरी ठरेल. असं यंत्र आमच्या घरात आहे, मी ते रोज वापरते, आणि नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. म्हणून हिशेबासकट लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर जिन्यातल्या पंख्याचा मजकूर तेवढा ठेवावा, ही विनंती.

हे यंत्र निघालं थंड देशांसाठी. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ साली ‘पॅसिव्ह हाऊस’ पद्धतीची पहिली घरं बांधली गेली. उष्णता अडवणाऱ्या जाड भिंती, तीन काचांच्या खिडक्या, आणि कुठेही फट म्हणून राहू द्यायची नाही. इतकं बंदिस्त घर बांधलं की श्वासाला लागणारी हवा यंत्रानेच आणावी लागते. त्यासाठी दोन लहान पंखे असतात. एक आतली हवा बाहेर टाकतो, दुसरा बाहेरची आत घेतो. दोन्ही हवा पातळ थरांच्या एका ठोकळ्यातून एकमेकींना लागून, पण एकमेकींत न मिसळता जातात, आणि जाणाऱ्या हवेतली ऊब येणाऱ्या हवेला मिळते.

माझा मुलगा स्टुटगार्टजवळ अशा घरात राहतो. एक हिवाळा आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. तिथे माणशी तासाला ३० घनमीटर ताजी हवा असा साधारण हिशेब धरतात. बाहेर शून्य अंश, आत वीस. यंत्र ८० टक्के उष्णता परत मिळवणारं असेल तर शून्य अंशाची हवा खोलीत १६ अंशांची होऊन येते, राहिलेल्या चार अंशांपुरतंच घर तापवावं लागतं. खिडकी न उघडता फोडणीचा वास तासाभरात निघून जायचा, बाथरूमच्या भिंती कोरड्या असायच्या. ज्या गावात वर्षातले सहा महिने घर तापवावं लागतं तिथे या यंत्रासारखी शहाणी गोष्ट नाही, हे मी मनापासून म्हणते.

आता आपलं गाव. आमच्या ह्यांना दम्याचा त्रास आहे. एप्रिल-मे महिन्यांत धूळ उडते, दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांचा धूर साचतो, आणि थंडीत संध्याकाळी शेकोट्यांचा धूर जमिनीलगत रेंगाळतो. अशा वेळी खिडकी उघडली की ह्यांची छाती भरते आणि बंद ठेवली की खोली कोंदते. म्हणून मुलाने हट्टाने झोपायच्या खोलीत भिंतीतून बसणारं लहान यंत्र लावून दिलं. भिंतीला आरपार भोक पाडताना त्याने मिस्त्रीकडून बाहेरच्या बाजूला किंचित उतार करून घेतला, म्हणजे पावसाचं पाणी आत यायला नको.

त्याच्यासोबत राहणं कसं असतं तेही सांगते. आवाज आहे, पण सगळ्यात कमी वेगावर पंख्याच्या आवाजात तो लपतो. खरी जबाबदारी गाळणीची. जाड जाळी मी स्वतः नळाखाली धुते. उन्हाळ्यात ती इतक्या लवकर मातकट होते की दर पंधरवड्याला धुवावीच लागते. आतली बारीक गाळणी धुता येत नाही, बदलावी लागते, आणि ती स्वस्त नाही. गाळणी तुंबली की हवा कमी येते, वीज मात्र तेवढीच लागते. जे यंत्र घेणार आहेत त्यांनी गाळणीचा वर्षाचा खर्च दुकानातच विचारून घ्यावा.

उपयोग मात्र निश्चित झाला. पुष्कळांची समजूत असते की स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो. तो आणत नाही. खोलीतलीच हवा तो थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. मुलाने कार्बन डायऑक्साइड मोजायचं लहानसं उपकरण ठेवून दिलं आहे. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असतं. दारं-खिडक्या बंद आणि एसी चालू अशा खोलीत दोघं झोपलो की पहाटे ते दोन हजारांच्या वर गेलेलं दिसायचं. सकाळी डोकं जड वाटतं, झोप झाल्यासारखी वाटत नाही, त्यातलं बरंचसं याच्यामुळे. यंत्र चालू असलं की आकडा हजाराच्या आत राहतो. ह्यांच्या रात्रीच्या खोकल्यात फरक पडला, हे मला कोणत्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

पण बिल? मे महिन्यातली दुपार घ्या. बाहेर ४१ अंश, खोलीत एसीने २६. फरक १५ अंशांचा. दोन माणसांना तासाला ६० घनमीटर हवा द्यायची तर ती थंड करण्याचा एसीवरचा बोजा साधारण ३०० वॅट. एसी एक वॅट विजेत तीन-साडेतीन वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे या बोज्यासाठी वीज लागते ८५ ते १०० वॅट. यंत्राने त्यातले ८० टक्के वाचवले तर झाली ७०-८० वॅटची बचत. आणि यंत्राचे दोन पंखे स्वतः ३०-४० वॅट घेतात. हाती उरतात तीस-चाळीस वॅट, तेही भर दुपारी, एसी चालू असेल तेवढाच वेळ. उलट कोणी ४० वॅटचं यंत्र चोवीस तास चालू ठेवलं तर रोजचं जवळजवळ एक युनिट, महिन्याला २९ युनिट जास्तीचे जळतात. बिल उतरेल या आशेने घेणाऱ्याचा बिल आल्यावर विश्वासच उडेल, आणि मग चांगल्या वस्तूचंही नाव खराब होईल.

याहून महत्त्वाचं रात्रीचं आहे. उन्हाने तापलेल्या भिंती संध्याकाळी उष्णता आत सोडू लागतात. मे महिन्यात रात्री आमच्या वरच्या खोलीत ३३-३४ अंश असतात, आणि तेव्हा बाहेर हवा २६-२७ वर आलेली असते. अशा वेळी हे यंत्र काय करतं? बाहेरची गार हवा आत घेताना आतली उष्णता तिला देऊन टाकतं. थंड देशात जे करायला ते बनवलं तेच ते इथेही इमानाने करतं, आणि आपल्याला नको असलेली उष्णता घरात राखून ठेवतं. काही यंत्रांत ठोकळा टाळून हवा सरळ आत घेण्याची सोय असते, तिला ‘बायपास’ म्हणतात. इंदूरसारख्या गावात बायपास नसलेलं यंत्र कोणी विकत घेऊ नये. लेखात याचा उल्लेखच नव्हता, म्हणून मला राहवलं नाही.

माळव्याची रात्र ही आपली खरी श्रीमंती आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं हे पठार. उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसांत दुपार चाळिशी ओलांडते आणि पहाट पंचविशीत येते. शब-ए-मालवा हे नाव उगीच पडलेलं नाही. पंधरा अंशांचा हा उतार फुकट मिळतो, आणि आपण खिडक्या लावून एसी सुरू करतो.

आमचं घर राजेंद्र नगरातलं, सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात बांधलेलं. विटांच्या जाड भिंती, प्रत्येक खोलीत छताला लागून रोशनदान, आणि मधून वर जाणारा जिना. गच्चीवर जिन्याची जी खोली निघते तिच्या पश्चिमेच्या भिंतीत, अगदी वर, आम्ही बारा इंची एक्झॉस्ट पंखा लावला आहे. बाहेरून पडणारी झडप आहे, त्यामुळे पंखा बंद असताना धूळ आणि पारवे आत येत नाहीत. रात्री बाहेरची हवा आतल्याहून गार झाली की तो सुरू करायचा, खालच्या मजल्यावरच्या उत्तरेच्या खिडक्या उघडायच्या, गच्चीचं दार मात्र लावायचं. गरम हवा हलकी असते, ती जिन्यातून आपोआपच वर चढत असते. पंखा तिला वाट आणि जोर देतो. खाली खिडकीशी उभं राहिलं की गार झुळूक अंगाला लागते.

गच्चीचं दार का लावायचं, हे शेजाऱ्यांना पटवायला मी उदबत्ती पेटवली होती. दार उघडं असलं की पंखा समोरच्या दारातूनच हवा ओढतो आणि खालच्या खिडकीतला धूर जागचा हलत नाही. दार लावलं की तोच धूर सरळ जिन्याकडे वळतो. ज्यांच्या बाथरूममधला किंवा स्वयंपाकघरातला पंखा ‘फिरतो पण वास जात नाही’ त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. बहुतेक वेळा पंखा चांगला असतो, हवा आत यायला जागा नसते. दाराखाली दोन बोटं फट ठेवली तरी काम होतं.

सकाळी सात-साडेसातला, बाहेरची हवा आतल्याहून गरम व्हायच्या आधी, सगळं बंद. पूर्व-पश्चिमेला चिकाचे पडदे, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी, गच्चीला उन्हाळ्याआधी चुना. घरातलं आणि बाहेरचं तापमान मी कालनिर्णयाच्या चौकोनात लिहीत असते. रात्रभर पंखा चाललेल्या दिवशी दुपारी चार वाजता बाहेर ४१ असताना खालच्या खोलीत ३२ अंश असतात. रात्री वीज गेली आणि पंखा राहिला, तर दुसऱ्या दुपारी तीच खोली ३५ वर जाते. हे तीन अंश छताच्या पंख्याखाली बसणाऱ्याला चांगले कळतात. ३२ ला पंखा पुरतो, ३५ ला हात एसीच्या रिमोटकडे जातो.

आता हा पंखा किती वीज घेतो ते पाहा. ६० वॅट, रात्रीचे आठ तास, म्हणजे अर्ध्या युनिटहूनही थोडं कमी. दीड टनाचा एसी तेवढ्याच रात्रीत पाच ते सात युनिट घेतो. आपल्या राज्यात अटल गृहज्योती योजनेखाली महिन्याला १५० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. १५० युनिट म्हणजे दिवसाला पाच. एसीची एकच रात्र दिवसभराचा सगळा वाटा घेऊन जाते. मग फ्रिज, दिवे, पाण्याची मोटर यांचं बिल पूर्ण दराने लागतं. पेन्शनीत राहणाऱ्या किंवा एका पगारावर चालणाऱ्या घराला हा फरक फार मोठा आहे. आम्हीही एसी लावतो, पण अगदी उकडणाऱ्या दिवसांत, २६ वर ठेवून, आणि तेव्हाच ह्यांच्या खोलीतलं ते यंत्र सुरू असतं. एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असं केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं आहे. छताचे जुने पंखे ७५ वॅटचे होते, कमी वीज घेणाऱ्या मोटरचे नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात. हे आता पुष्कळांना माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पावसाळ्यात यातलं काही फारसं चालत नाही. बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा स्वयंपाक आणि आंघोळ यांची वाफ जिथल्या तिथे बाहेर काढायची आणि ऊन पडेल त्या दुपारी घर उघडं टाकायचं, एवढंच करता येतं.

माझा खरा जीव तुटतो तो नव्या इमारती पाहून. माझी जाऊ बायपास रस्त्याकडच्या एका उंच इमारतीत राहायला गेली. घर देखणं आहे, काचा मोठ्या आहेत, आणि रोशनदान एकही नाही. खिडक्या सगळ्या सरकत्या. चार फूट बाय चार फूट खिडकी दिसते सोळा चौरस फुटांची, पण एक काच दुसरीमागे सरकते, त्यामुळे उघडते आठच. त्यावर डासांची जाळी, ती आणखी हवा अडवते. दोन्ही बाथरूम इमारतीच्या आतल्या अंगाला, त्यांचे पंखे डक्टमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांना सामाईक अशा उभ्या पोकळीत, उघडणारे, आणि पंख्यांना झडपाच नाहीत; खालच्या मजल्यावर मासळी तळली की वास हिच्या बाथरूममध्ये. चार माणसांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ते कुठून बाहेर पडणार? पहिल्याच श्रावणात कपाटामागची भिंत काळी पडली. बिल्डरने रंगाचा दोष म्हणून वरून एक हात रंग मारून दिला. बुरशी पुन्हा आली. आता तिला कोणीतरी सुचवलं आहे की प्रत्येक खोलीत असं यंत्र बसवा. ज्या घराला देवाने वारा दिला आहे त्या घरात हजारो रुपये घालून भिंतीला भोकं पाडायची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. इंदुरात थंडीत गॅस गीझर घरोघरी लागतात. जानेवारीत गार वारा येतो म्हणून लोक बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावतात. पेटत्या गॅसला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि चक्कर येईपर्यंत माणसाला कळत नाही. आंघोळीला गेलेली धडधाकट मुलं अशी दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते शक्य नसेल तर बादलीत पाणी भरून घ्यावं, गीझर बंद करावा, आणि मगच दार लावून आंघोळ करावी. आपल्या पत्रात ही सूचना थंडी सुरू होताच ठळक छापाल तर फार उपकार होतील.

नियम नाहीत असं नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यात उघडणाऱ्या भागाचं प्रमाण दिलं आहे: खिडक्या, झरोके आणि बाहेर उघडणारी दारं यांचा प्रत्यक्ष उघडणारा भाग हा घराच्या चटईक्षेत्राच्या किती टक्के हवा ते. इंदूर ज्या संमिश्र हवामानाच्या पट्ट्यात येतं, तिथे तो किमान साडेबारा टक्के. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीपुरता हिशेब केला तर १५ चौरस फूट. जावेच्या खोलीत आठ आहेत. संहितेत शब्द ‘उघडणारा’ असा आहे, आणि सगळी गोम त्यातच आहे. काच कितीही मोठी असली तरी ती मोजायची नाही.

आपल्याच गावात अरण्य वसाहत आहे. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी गरिबांसाठी आखलेली, १९९५ चा आगाखान वास्तुपुरस्कार मिळालेली. मी विद्यार्थ्यांना तिथे नेत असे. लहान लहान घरं, पण एकमेकांना लागून भिंती, म्हणून ऊन कमी लागतं; सावलीच्या गल्ल्या, मागे-पुढे मोकळी जागा, ओटला. एका खोलीच्या घरालाही दोन बाजूंनी हवा. जगभरचे लोक ती पाहायला येतात, आणि आपण तिच्यापासून थोड्या अंतरावर काचेची खोकी बांधतो.

म्हणून माझी महापालिकेला विनंती आहे. स्वच्छतेत २०१७ पासून या शहराने देशाला दाखवून दिलं की लोकांना नीट सांगितलं आणि रोज पाठपुरावा केला तर सवयी बदलतात. तशीच एक ओळ घराच्या मंजूर नकाशावर सक्तीची करा: उघडणारा भाग इतके टक्के. बिल्डरच्या माहितीपत्रकातही ती ओळ छापायला लावा. डक्टमध्ये उघडणाऱ्या प्रत्येक पंख्याला झडप असल्याशिवाय ताबा देऊ नका. जिन्याच्या वरच्या टोकाला हवा बाहेर जाण्याची वाट ठेवायला बांधतानाच सांगितलं तर खर्च नगण्य आहे.

जे आज फ्लॅट पाहत फिरत आहेत त्यांना माझं सांगणं आहे की बुकिंगची रक्कम देण्याआधी नमुना फ्लॅटमध्ये मोजपट्टी घेऊन जा. एसी बंद करायला सांगा, प्रत्येक खिडकी पूर्ण उघडा आणि उघडलेली जागा मोजा. समोरासमोरच्या दोन भिंतींत वाट आहे का ते पाहा. विक्रेता घाई करेल, करू द्या. ज्यांच्या घरात दमा आहे, किंवा ज्यांचं घर वाहत्या रस्त्यावर आहे, त्यांनी हवेचं यंत्र जरूर घ्यावं. बायपास आहे का, गाळणी कोणती आणि कितीला, कमी वेगावर किती वॅट, एवढं विचारून.

ज्या वाचकांना जिन्यात पंखा लावायचा असेल त्यांनी आपल्यामार्फत मला कळवावं. आमच्या घरचा पंखा आणि झडप दाखवायला, आणि कालनिर्णयातल्या तापमानाच्या नोंदी उतरवून द्यायला मी तयार आहे. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आलात तर पंखा चालू असताना पाहता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका
राजेंद्र नगर, इंदूर